उंची थांबल्यावर : काही टिपणे

१

पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडातल्या एका खोबणीत बसलेली असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. थायरॉइड आता घरोघरी माहीत झाले आहे. थायरॉइडला हुकूम देणारी ही ग्रंथी मात्र बहुतेकांना एमआरआयच्या रिपोर्टातच पहिल्यांदा भेटते.

२

उंची विशीच्या आत थांबते. ग्रोथ हॉर्मोन त्यानंतरही पाझरत राहते, वयानुसार कमी कमी होत जाते, पण लागते. पोटातली चरबी आटोक्यात ठेवायला, स्नायू आणि हाडे राखायला, रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल यकृताने उचलून घ्यावे यासाठी. हृदयाच्या स्नायूची जाडी आणि जोरही त्याच्यावर काही अंशी अवलंबून असतो.

३

पन्नाशी ओलांडलेल्या बाई. कोलेस्टेरॉल वाढले म्हणून आलेल्या. पोट सुटलेले, हातपाय काटक्या. चेहरा फिकट, तोंडाभोवती बारीक सुरकुत्यांचे जाळे. भुवयांचे केस विरळ.

"मावशी, शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"गेलं की. बाटल्या चढवल्या. शुद्ध नव्हती मला."

"दूध आलं होतं?"

"न्हाई. पोरगं गाईच्या दुधावर वाढवलं."

"आणि पाळी?"

"त्यानंतर आलीच न्हाई. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली."

तो मुलगा आता ट्रॅक्टर चालवतो. मधल्या वर्षांत बाईंना अशक्तपणासाठी सलाईन मिळाले, रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, थंडी सोसत नाही म्हणून स्वेटर मिळाला. बाळंतपणाचे मात्र कुणी विचारले नव्हते.

४

गरोदरपणात पिट्युटरी मोठी होते, तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. प्रसूतीत रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की ग्रंथीचा मोठा भाग मरून जाऊ शकतो. लिव्हरपूलचे हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडले, आजाराला त्यांचेच नाव मिळाले. दूध न येणे ही बहुधा पहिली खूण. ग्रोथ हॉर्मोन सर्वांत आधी गमावल्या जाणाऱ्या हॉर्मोनांपैकी एक.

श्रीमंत देशांत हा आजार दुर्मीळ झाला आहे. अब्दुल हमीद झरगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काश्मीर खोऱ्यातली पाहणी छापली. वीस वर्षांवरच्या, मूल झालेल्या बायकांमध्ये सुमारे ३ टक्के प्रमाण. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश घरी बाळंत झालेल्या.

प्रसूतिगृहात वेळेवर मिळालेली रक्ताची बाटली कुणाच्या तरी पन्नाशीतले हृदयही वाचवत असते. मातामृत्यूच्या आकडेवारीत ही गोष्ट येत नाही, कारण ती बाई जिवंत असते.

५

भातकापणीच्या दिवसांत घोणस चावते. रक्त गोठेनासे होते, लघवी बंद होते, डायलिसिस लागते. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींची पिट्युटरी निकामी होते. चित्र जवळजवळ शीहानसारखेच. १९८७ मध्ये ब्रह्मदेशातल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये हे लिहिले, नंतर भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले.

डिस्चार्ज कार्डावर 'सर्पदंश, प्रकृती सुधारली' एवढेच असते. काही महिन्यांनी दाढी विरळ होते, कामाचा उरक जातो, पोट सुटते. घरचे म्हणतात, सापाची धास्ती घेतली त्याने.

६

डोक्याला जबर मार लागून वाचलेल्यांमध्येही पिट्युटरी पुढे कमी पडू शकते. दुचाकीच्या आरशाला अडकवलेली हेल्मेटे पाहिली की हे आठवते.

७

ग्रोथ हॉर्मोन झटक्याझटक्याने सुटते. मोठा झटका रात्री, पहिल्या गाढ झोपेत. सकाळी लॅबमध्ये एकदाच रक्त देऊन पातळी मोजली तर धडधाकट माणसातही ती नगण्य येऊ शकते. असा एकटा आकडा हातात घेऊन कुणी घाबरू नये, आणि त्यावर कुणी इंजेक्शनही लिहून देऊ नये.

८

१९९०. स्वीडनमधले गोथेनबर्ग. थोर्ड रोसेन आणि बेंग्ट-ओके बेंग्टसन यांनी पिट्युटरी कमी पडलेल्या ३३३ रुग्णांची जुनी कागदपत्रे काढली. निदान १९५६ ते १९८७ या काळातले. या सर्वांना कॉर्टिसोल, थायरॉइड, लैंगिक हॉर्मोन ही गरजेप्रमाणे दिली जात होती. ग्रोथ हॉर्मोन कुणालाच नव्हते.

त्या वयाच्या लोकसंख्येत अपेक्षित मृत्यू ५७. प्रत्यक्षात १०४.

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने अपेक्षित ३१. प्रत्यक्षात ६०.

संशयाचे बोट साहजिकच न दिलेल्या हॉर्मोनकडे गेले.

९

१९९०. अमेरिका. डॅनियल रुडमन यांनी साठीवरच्या १२ निरोगी पुरुषांना सहा महिने ग्रोथ हॉर्मोन दिले. स्नायूंचे वजन वाढले, चरबी घटली.

गोथेनबर्गचा निबंध तज्ज्ञांनी वाचला. रुडमनचा जाहिरातवाल्यांनी. तारुण्य परत आणण्याच्या नावाने एक सबंध बाजार त्या १२ माणसांवर उभा राहिला. ज्या नियतकालिकात तो निबंध आला होता, त्याच्या संपादकांनाच २००३ मध्ये या गैरवापराविरुद्ध लिहावे लागले.

१०

ज्यांना हॉर्मोन कमी आहे त्यांना ते कळत नाही. ज्यांना पुरेसे आहे ते जिममध्ये विकत घेतात.

जिममधल्या मुलांनो, हे वाचत असाल तर पुढचे टिपण दोनदा वाचा.

११

अॅक्रोमेगालीत पिट्युटरीच्या गाठीमुळे ग्रोथ हॉर्मोन अति होते. अंगठी बोटात जाईना, चपलेचा नंबर वाढला, जबडा पुढे आला. आत हृदयाचे स्नायूही जाड होतात, आधी जोरात चालतात, मग आखडतात, शेवटी थकतात. रक्तदाब आणि साखर वाढते. उपचार न झालेल्या अॅक्रोमेगालीत माणसे हृदयविकाराने लवकर जातात.

हे हॉर्मोन कमी पडले तरी हृदयाला त्रास, जास्त झाले तरी हृदयाला त्रास.

१२

१९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरचे दोन प्रयोग एकत्र छापून आले. एक फिनलंडमधला, दुसरा अनेक देशांतला. एकूण ५३२ गंभीर रुग्ण. कल्पना अशी की आजारात स्नायू झिजतात, ग्रोथ हॉर्मोनचा मोठा डोस दिला तर ते टिकतील. फिनलंडमध्ये हॉर्मोन मिळालेल्यांत ३९ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत २० टक्के. दुसऱ्या प्रयोगात ४४ आणि १८.

तर्क चांगला होता. माणसे दुपटीने मेली. प्रयोगच केला नसता तर हे औषध चांगल्या हेतूने वर्षानुवर्षे दिले गेले असते.

१३

ग्रोथ हॉर्मोनच्या तपासणीची सकाळ. रुग्ण उपाशीपोटी खाटेवर, हाताला सुई लावून ठेवलेली. वजनाच्या हिशेबाने इन्सुलिन शिरेतून जाते. थोड्या वेळात कपाळावर घाम, ओठांभोवती मुंग्या, बोटांना कंप. ग्लुकोमीटरवर ६२, मग ४८, मग ३६. साखर ४० च्या खाली उतरली की शरीर हे संकट मानते, आणि शाबूत पिट्युटरी ग्रोथ हॉर्मोन सोडते. ठरावीक वेळाने रक्ताच्या छोट्या बाटल्या भरत जातात, प्रत्येकीवर वेळेची चिठ्ठी. सिस्टर मनगट धरून शेजारी बसतात आणि उगाच गावाचे नाव, मुलांची नावे विचारत राहतात, उत्तर अडखळते का ते पाहायला. ग्लुकोजची सिरिंज ट्रेमध्ये भरून तयार.

सगळ्या बाटल्यांतला सर्वांत मोठा आकडा मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या खाली राहिला, तर प्रौढांत तूट गंभीर मानतात. रुग्णाला मात्र त्या दिवसातला शेवटचा गोड चहा तेवढा लक्षात राहतो.

हृदयविकार असलेल्यांना आणि फिट येणाऱ्यांना ही तपासणी करत नाहीत. त्यांच्यासाठी ग्लुकागॉनची तपासणी आहे. तोंडाने घ्यायचे मॅसिमोरेलिनही आहे, अमेरिकेत २०१७ पासून मान्य. इतर तीन किंवा अधिक पिट्युटरी हॉर्मोन गेलेली असतील आणि ग्रोथ हॉर्मोनमुळे यकृतात तयार होणारे आयजीएफ-१ रक्तात कमी असेल, तर एवढे सगळे करावेही लागत नाही.

१४

आपल्याकडे पोट सुटणे, कोलेस्टेरॉल आणि थकवा यांत विशेष ते काय, असे वाटण्याइतकी ही तक्रार घराघरांत आहे. त्यातल्या फारच थोड्यांच्या मुळाशी पिट्युटरी असते. शिवाय लठ्ठपणातच ग्रोथ हॉर्मोनचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून लठ्ठ माणसाची तपासणी फसवू शकते. वजन उतरले की प्रतिसाद सुधारतो.

म्हणून ढेरी पाहून तपासणी करायची नसते. मागे काय घडले होते ते ऐकून करायची असते. मेंदूच्या तळाचे ऑपरेशन, डोक्याला दिलेले रेडिएशन, जबर मार, घोणस, बाळंतपणातला रक्तस्राव, लहानपणीची ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने.

१५

बॉस्टनचे मॉरिस राबेन. १९५८ मध्ये त्यांनी मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढलेले ग्रोथ हॉर्मोन एका मुलाला देऊन उंची वाढल्याचे दाखवले. १९६२ मध्ये त्यांनी आणखी एका रुग्णाची नोंद केली. पस्तिशीची शिक्षिका, पिट्युटरी निकामी, बाकीची हॉर्मोने चालू. ग्रोथ हॉर्मोन सुरू केल्यावर दोन महिन्यांनी तिने सांगितले की अंगात जोम आला आहे, काही करावेसे वाटते आहे, बरे वाटते आहे.

प्रौढांसाठी या औषधाची पहिली साक्ष एका शाळेच्या बाईंची. नियंत्रित प्रयोग व्हायला १९८९ उजाडले.

१६

मधल्या काळात औषध एवढे थोडे होते की ते मुलांनाच पुरत नव्हते. मग १९८५. मृतदेहांतून काढलेले हॉर्मोन लहानपणी घेतलेली तरुण माणसे क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य आजाराने मरू लागली. दूषित पिट्युटऱ्यांतून तो आजार इंजेक्शनवाटे गेला होता. अमेरिकेत ते औषध थांबवले, आणि त्याच वर्षी जीवाणूंकडून तयार करून घेतलेल्या हॉर्मोनला मंजुरी मिळाली. आज मिळते ते मृतदेहांतून काढलेले नसते, त्यात हा धोका नाही. पण ज्या घरांत ती मुले गेली, त्यांच्यासाठी ही प्रगती उशिरा आली.

१७

ब्राझीलच्या सर्जिपे राज्यात इताबायनिन्या नावाचे गाव आहे. तिथे आणि आसपास शंभरावर माणसे जन्मतः ग्रोथ हॉर्मोनविना वाढली. एकाच जनुकातला दोष, पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या लग्नांतून पसरलेला, १९९९ मध्ये उलगडला. प्रौढांची उंची साधारण १०५ ते १३५ सेंटिमीटर. मॅन्युएल अगियार-ओलिव्हेरा यांनी त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू ठेवला.

पोटावर चरबी, एलडीएल वाढलेले, दाह दाखवणारे सीआरपीही वाढलेले. कागदावर पाहिले तर हृदयविकार ठरलेलाच.

पण रक्तवाहिन्या वेळेआधी कठीण झालेल्या सापडल्या नाहीत. इन्सुलिन त्यांच्यात उत्तम काम करते. आयुष्यही गावातल्या इतरांसारखेच.

१८

त्याच गावातल्या प्रौढांना सहा महिने ग्रोथ हॉर्मोन देऊन पाहिले. एलडीएल उतरले. गळ्यातल्या रोहिणीचे अस्तर जाड झाले.

१९

गोथेनबर्ग आणि इताबायनिन्या दोन्ही खरे. स्वीडनमधल्या माणसांना मोठेपणी आजार झाला, बहुतेकांना गाठ, ऑपरेशन, कुणाला रेडिएशन, बाकीची हॉर्मोनेही गेलेली. ब्राझीलमधल्यांचे एकच हॉर्मोन जन्मापासून नव्हते, बाकी सगळे शाबूत. दोघांच्या आजाराला नाव एक म्हणून उपचारही एकच, असे मला तरी मान्य नाही.

२०

त्याच जनुकातला आणखी एक दोष सिंधमधल्या कुटुंबांत सापडला, 'सिंधचे बुटके' या नावाने वैद्यकीय लेखनात आला. तोच नेमका दोष पश्चिम भारतातल्या मुलांतही सापडला. आजूबाजूच्या जनुकीय खुणा एका जुन्या समान पूर्वजाकडे बोट दाखवतात. सीमारेषा नंतर आली.

ती मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्या हृदयाची नोंद इताबायनिन्यासारखी कुणीतरी चिकाटीने ठेवायला हवी.

२१

२००१, ब्रिटन. पिट्युटरीच्या १०१४ रुग्णांची पाहणी. मृत्यू अपेक्षेच्या १.८७ पट. हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि श्वसन, तिन्हींमुळे. रेडिएशन घेतलेल्यांत जास्त, लैंगिक हॉर्मोनची तूट भरून न काढलेल्यांत जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

एकाच हॉर्मोनवर सगळा दोष टाकता येत नाही. कॉर्टिसोलचेही पाहायला हवे. पूर्वी त्याची गोळी, हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला ३० मिलिग्रॅम सर्रास देत, आता १५ ते २० पुरते मानतात. तो जास्तीचा डोस वर्षानुवर्षे घेतला की पोट, साखर आणि रक्तदाब वाढणारच.

२२

२००४ मध्ये ३७ प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. ग्रोथ हॉर्मोन दिल्यावर चरबी कमी, स्नायू जास्त, एलडीएल कमी, खालचा रक्तदाब थोडा कमी. साखर आणि इन्सुलिन थोडे जास्त.

हार्ट अटॅक कमी होतात का, माणूस जास्त जगतो का, याचे उत्तर देईल असा मोठा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग झालेला नाही. रुग्णांच्या नोंदवह्या आशादायक आहेत, पण ज्यांना हे महाग औषध मिळते ते मुळात जास्त देखरेखीखाली असलेले रुग्ण.

२३

ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने प्रौढांना हे औषध कधी द्यायचे, त्याचा नियम २००३ मध्ये ठरला. तपासणीत गंभीर तूट हवी, बाकीची हॉर्मोने चालू हवीत, आणि २५ प्रश्नांच्या हो-नाही प्रश्नावलीत किमान ११ गुण हवेत. नऊ महिन्यांनी त्यात ७ गुणांची सुधारणा दिसली तरच पुढे चालू.

प्रश्न थकव्याचे, एकटेपणाचे, विसरण्याचे. हृदयाचा निकष त्यात नाही.

मला हा नियम प्रामाणिक वाटतो. जे सिद्ध झाले तेवढेच मोजले.

२४

"उंची झाली की पोराची. आता कशाला सुई टोचायची?" लहानपणापासून ग्रोथ हॉर्मोन घेणाऱ्या मुलाच्या वडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. रोज रात्री झोपताना टोचून वर्षे काढलेली असतात, फ्रिजच्या दारात दुधाशेजारी पेन ठेवलेले असते, लाइट गेली की बर्फासाठी पळापळ. शेत विकून औषध केलेली घरे आहेत.

उत्तर असे की आधी थांबवा, मग पुन्हा तपासा. लहानपणी तूट निघालेल्या, दुसरे कारण न सापडलेल्या अनेक मुलांची तपासणी मोठेपणी ठीक येते. त्यांना सुई नको. ज्यांची पिट्युटरी मुळातच नीट घडलेली नाही किंवा ऑपरेशनमध्ये गेली आहे, त्यांची तूट राहते. त्यांनी ओपीडी सोडू नये, सुई परवडली नाही तरी.

२५

हॉर्मोने भरून काढताना क्रम महत्त्वाचा. कॉर्टिसोल आधी, थायरॉइड त्यानंतर. उलटे केले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ग्रोथ हॉर्मोन सर्वांत शेवटी, आणि ते सुरू केल्यावर आधी झाकलेली कॉर्टिसोलची तूट उघडी पडू शकते, म्हणून पुन्हा तपासायचे. डोस लहान, साठीच्या आतल्यांना दिवसाला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅमपासून. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांना जास्त लागतो. कॅन्सर चालू असेल तर द्यायचे नाही.

२६

त्या मावशींना ग्रोथ हॉर्मोन परवडणारे नव्हते. कॉर्टिसोल आणि थायरॉइडच्या गोळ्या परवडणाऱ्या होत्या, कोलेस्टेरॉलचीही. पुढच्या खेपेला त्या एकट्याच एसटीने आल्या. आधी मुलगा धरून आणायचा.

२७

ग्रोथ हॉर्मोन मिळो न मिळो, पिट्युटरीच्या रुग्णाने रक्तदाब, साखर, एलडीएल दरवर्षी पाहायचेच. तंबाखू आणि मिश्री सोडायची. रोज चालायचे. यातले काहीही पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञासाठी अडून राहत नाही.

२८

हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा जुनी फाईलही न्या. पिट्युटरीचे किंवा मेंदूचे ऑपरेशन झाले असेल, डोक्याला रेडिएशन ('लाइट') दिले असेल, घोणस चावून डायलिसिस झाले असेल, अपघातात बेशुद्ध झाला होतात, बाळंतपणात रक्त गेले आणि दूध आले नाही, तर सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा. घरातल्या आई, मावशी, आजींना तुम्ही विचारा, कारण त्या आपणहून सांगणार नाहीत. आणि हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालू असेल तर ती कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. ताप आला, उलट्या झाल्या, ऑपरेशन ठरले, तर त्या दिवसांत डोस वाढवावा लागतो. तो किती, हे आजच तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.